दिवाळीचा फरार

गौरी-गणपतीच्या दिवसांत आमच्या घरात मोदकाच्या सारणाचा वास असतो आणि माझ्या टेबलावर दिवाळी येऊन पडलेली असते. आकाशकंदील, करंज्या, माहेरपणाच्या आठवणी, बारा राशींचं भविष्य, सगळं भाद्रपदातच. मुद्रितशोधकाची दिवाळी दोन महिने आधी सुरू होते आणि खरी दिवाळी उजाडते तेव्हा संपलेली असते. यंदा माझ्याकडे चार अंक होते. प्रत्येकी दोनशेच्या आसपास पानं, प्रत्येक पान निदान दोनदा. पानामागे मिळणारे पैसे सांगण्यासारखे नसतात, म्हणून सांगत नाही.

ओळखीच्या बायका म्हणतात, "तुमची मजा आहे हो, सगळे अंक आधी वाचायला मिळतात!" मी हसते. कारण यातला एकही अंक मी वाचलेला नसतो.

आमचे आबा वाईला एका लहानशा छापखान्यात जुळारी होते. स्टिकमध्ये खिळे लावताना ओळ डोक्यावर उभी असते आणि अक्षरं आरशातल्यासारखी. तरी आबा ती आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज वाचायचे. नव्हे, बघायचे. शाळेतून येताना मी छापखान्यात डोकवायची तेव्हा ते ओली गॅली पुढे सरकवत आणि म्हणत, "वाचू नकोस, बघ." त्या वयात मला दोन्हींतला फरक कळत नव्हता. पुढे पस्तीस वर्षं याच फरकावर माझं घर चाललं.

वाचणारा डोळा उदार असतो. तो शब्दाचं पहिलं अक्षर घेतो, शेवटचं घेतो आणि मधलं आपल्या पदरचं घालतो. लेखकाला हवं ते त्याला आधीच समजलेलं असतं, म्हणून लेखकाला स्वतःच्या चुका कधीच सापडत नाहीत. बघणारा डोळा कंजूष असावा लागतो. मी जुन्या पोस्टकार्डाने खालची ओळ झाकते आणि पेन्सिलीचं टोक अक्षराअक्षरावरून नेते. वेलांटी कुठली, उकार कुठला, रफार कोणाच्या डोक्यावर. ओळ संपली की कार्ड एक घर खाली. फार थकवा आला तर परिच्छेद शेवटच्या ओळीपासून वर तपासत जाते, म्हणजे अर्थ लागायची भीतीच नाही.

तरीही एका वर्षी 'दिवाळीचा फरार' छापला गेला. पाककृतींच्या विभागाचं शीर्षक, चांगलं ठसठशीत, अर्धं पान व्यापणारं. आतल्या मजकुरात चकलीच्या भाजणीचं प्रमाण, अनारशांचं पीठ, चिरोट्याचे पदर, सगळं मी डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं. शीर्षक तपासलं नव्हतं, कारण ते दिसत होतं. अक्षर जितकं मोठं तितकी चूक सुरक्षित, हे आमच्या धंद्यातलं गुपित आहे. संगणकानेही लाल रेघ मारली नाही. फरार हाही मराठी शब्दच, त्याची काय चूक? संपादकांचा सकाळी साडेसातला फोन आला. "ताई, पान एकशे बत्तीस उघडा. आपला फराळ पळून गेलाय." मी उघडलं. माझ्या डोळ्यांनी तेव्हाही आधी 'फराळ'च वाचलं.

जुन्या छापखान्यांत अशा वेळी मुद्राराक्षसावर ढकलता यायचं. आणि तो होताही. अंक मशीनवर चढला की हजारभर प्रती निघेपर्यंत एखादी मात्रा तुटायची, एखादा अनुस्वार गळून पडायचा. पहिल्या प्रतीत शुद्ध असलेली ओळ शेवटच्या प्रतीत अशुद्ध. आता खिळे नाहीत, पण राक्षस घर बदलून राहतो. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. तो मजकूर युनिकोडमध्ये नेला की कधी ती वेलांटी शेजारणीकडे जाऊन बसते आणि रफार मागच्या घरात शिरतो. एका लेखकाच्या सगळ्या 'मार्गां'चे 'र्मागा' झालेले मी पाहिले आहेत.

दिवाळीच्या हंगामात ठरावीक चुकांची रांग लागते. दिवाळीचा दि ऱ्हस्व, दीपावलीचा दी दीर्घ. एकच सण, पण एक नाव मराठीच्या अंगणात वाढलेलं आणि दुसरं संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, म्हणून दोघांचे नियम वेगळे. हे लक्षात न राहिल्याने महाराष्ट्रातल्या निम्म्या फलकांवर 'दिपावली' असते. महिना आश्विन, अश्विन नव्हे. 'को जागर्ति' असं विचारत येणाऱ्या लक्ष्मीची रात्र ती कोजागरी. कोजागिरी म्हटलं की मला एखाद्या किल्ल्याचं नाव वाटतं. आणि आशीर्वादाचा 'आर्शिवाद' तर इतक्या ठिकाणी दिसतो की तोच रूढ होईल अशी मला धास्ती आहे.

अनुस्वाराची तर निराळीच गंमत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'कांहीं'चं 'काही' झालं, 'नाहीं'चं 'नाही'. आबा सांगायचे, त्यानंतर केसमधला अनुस्वारांचा खण पूर्वीसारखा रिकामा होईना. मग बोलण्यासारखं लिहायची पद्धत रुळली, 'केले'चं 'केलं' झालं, 'पाहिले'चं 'पाहिलं', आणि तो खण पुन्हा भराभर रिता व्हायला लागला. या लेखातले अनुस्वार मोजलेत तर आबांचं म्हणणं पटेल.

नवरात्र ही आमची खरी कसोटी. घटस्थापनेला अंकाचे निम्मे फॉर्म छपाईला गेलेले हवेत आणि प्रत्यक्षात मोठे लेखक अजून 'दोन दिवसांत देतो' म्हणत असतात. दुपारी उन्हाचा तडाखा, चार वाजता परतीचा पाऊस आणि त्या दमट हवेत शाई वाळत नाही म्हणून छापखान्याची बोंब. खाली सोसायटीच्या आवारात पाटावर हत्ती काढून भोंडला चाललेला असतो. मुली फेर धरतात आणि शेवटी खिरापत ओळखायची वेळ येते, तेव्हा मी खिडकीतून हळूच ओरडते, "वाटली डाळ!" एकदा बरोबर निघाली. त्या दिवशी मला वाटीभर डाळ वर आली आणि तिचा हळदीचा डाग एका नामवंत समीक्षकाच्या लेखावर कायमचा उमटला.

खंडेनवमीला छापखाना बंद असे. केसेस झाडून पुसून मांडायच्या, मशीनला झेंडूचा हार, त्या दिवशी खिळ्याला हात लावायचा नाही. एका वर्षी आबांनी आदल्या संध्याकाळी देवनागरी १ चे खिळे ओळीने जुळवून सरस्वती तयार केली. दसऱ्याला आपण पाटीवर एकेक आकडा काढून काढतो, तीच. तो कागद अजून माझ्याकडे आहे. चौथ्या ओळीतला एक १ उलटा बसला आहे. मी तो दाखवला तेव्हा आठ वर्षांची होते. आबांनी कागद डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग पिशवीतलं सगळ्यात मोठं सीताफळ मला दिलं. हल्ली मीही खंडेनवमीला पेन्सिल, पोस्टकार्ड आणि लॅपटॉप देवापुढे ठेवते. लॅपटॉप तासाभरात उचलावा लागतो, हे देवी समजून घेते.

२०२० साली आश्विन अधिक आला. पितृपक्ष संपला तरी नवरात्र लागेना, मध्ये अख्खा महिना. टाळेबंदीचं वर्ष. छापखाने अडखळत चाललेले आणि प्रुफं कागदाऐवजी ईमेलवर. दोन आश्विन मिळालेल्या त्या वर्षी मला आयुष्यात पहिल्यांदा हंगामात फुरसत मिळाली आणि मी एक चूक केली. आलेली एक कथा पेन्सिल न घेता, सरळ वाचली. संध्याकाळ झाली, गॅलरीतला प्राजक्त उमलायला लागला तरी मी तिथेच. नंतर ती नीट तपासली असं मला वाटलं, पण अंक निघाल्यावर त्या एका कथेत चार चुका निघाल्या आणि उरलेल्या अंकात मिळून तीन.

तेव्हापासून मला एक मोजमाप सापडलं आहे. माझ्या हातून ज्या कथेत चुका जास्त सुटतात, ती कथा चांगली. संपादकांना मी हे सांगितलेलं नाही.

याची दुसरी बाजू मात्र बोचते. लक्ष्मीपूजन होतं, भाऊबीज होते, डब्यांच्या तळाशी चिवड्यातले शेंगदाणे तेवढे उरतात, आणि वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेची रांग सुरू होते. एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलत राहायचं. मी दरवर्षी नाव घालते. मी स्वतः तपासलेले अंकही तिथूनच आणते. मला ते तेलकट बोटांनी उलटलेले, कोणीतरी शब्दकोडं पेन्सिलीने अर्धं सोडवलेले हवे असतात. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाने फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवला आहे. डागांना शंभर वर्षांची परंपरा आहे.

तर गेल्या कार्तिकात सकाळच्या उन्हात बसून एक अंक चाळत होते. हवेत नुकता गारवा आलेला, मांडीवर बशी, बशीत पेरूच्या मीठ लावलेल्या फोडी. एक कथा सुरू केली. दोन ओळींतच ओळख पटली, ही मी दोनदा तपासलेली. दुसऱ्या पानावर नायकाची आई जाते. एका वाक्यात जाते, फार गाजावाजा न करता. आणि मला ते माहीतच नव्हतं. त्या वाक्यातला अर्धविराम आठवत होता, तो मीच घातला होता, लेखकाने तिथे स्वल्पविराम दिला होता म्हणून. पण त्या अर्धविरामाच्या अलीकडे एक बाई जिवंत होती आणि पलीकडे नव्हती, हे मी दोन्ही वेळा बघितलं आणि वाचलं नाही. पेरूची फोड तशीच हातात राहिली.

म्हणून कार्तिक-मार्गशीर्ष हे माझे वाचनाचे महिने. अंकांच्या जोडीला दोन पुस्तकं ठरलेली. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' महिन्यांनुसार लिहिलेलं आहे, तसंच मी ते वाचते, त्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यात. फक्त आश्विनाचा लेख कामाच्या धांदलीत राहून जातो आणि तो मी दरवर्षी एक महिना शिळा वाचते. दुसरी 'बनगरवाडी'. पुस्तक १९५५ मध्ये आलं, पण त्याआधी ती 'मौज'च्या दिवाळी अंकात छापून आली होती. म्हणजे तीही कधीतरी कोणाच्या तरी टेबलावर, असल्याच दमट दिवसांत, ओल्या कागदांच्या रूपाने येऊन पडली असणार. तिच्यातला दुष्काळ त्या माणसाने वाचला असेल की नुसता बघितला असेल, असं दर खेपेला मनात येतं.

ही पुस्तकं वाचताना पेन्सिल दुसऱ्या खोलीत ठेवते. जवळ असली तर हात जातोच.

आता तुमच्याकडेही दिवाळी अंक आले असतील. त्यात एखादी चूक दिसली तर संपादकांना पान क्रमांकासह जरूर कळवा. आमच्यापर्यंत ते पोचतं आणि पुढच्या वर्षी उपयोगी पडतं. सगळ्यात जास्त चुका कोणत्या कथेत निघाल्या तेही लिहा, ती मी आधी वाचेन. जाहिरातींतल्या 'दिपावलीच्या हार्दिक शुभेच्छां'बद्दल मात्र कळवू नका. जाहिराती तयार होऊनच येतात, त्या आमच्याकडे तपासायला देत नाहीत.