टॉर्च कुठली न्यायची?

शनिवारी हरिश्चंद्रगडावर मुक्काम. उंची १४२४ मीटर. जालन्यात मस्तगडच्या घरी आलोय आणि सॅक भरता भरता टॉर्चपाशी अडलोय.

खुंटीवर बाबांची ३ सेलची बॅटरी आहेच. लोडशेडिंगच्या रात्री तिच्याच उजेडात जिना चढायचो. ४.५ व्होल्ट, पिवळा झोत. पण जड, आणि एक हात अडकतो. मागच्या ट्रेकला उतारावर मित्र घसरला, तेव्हा बॅटरी सोडू की त्याला धरू, यातच क्षण गेला. त्याचा गुडघा फुटला.

म्हणून यंदा हेडलॅम्प. जास्त ल्युमेन म्हणजे सेल लवकर संपणार, तेव्हा वाटेवर मंद उजेडच बरा. जादा सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत.

“ही नाही नेत?” बाबांनी विचारलं.

नेतो ना! कुणाचा दिवा विझलाच, तर त्याच्या हातात देईन.