मावशीची बादली आणि पट्ट्यांचा दगड

डिचोलीला मावशीकडे गेले होते. रात्री बोअरचं पाणी बादलीत भरलं तेव्हा काचेसारखं नितळ होतं. सकाळी पाहते तर पिवळट तांबडं, आणि तळाला लाल साका. मावशी म्हणाली, "अगो, लोखंड आहे त्यात, वारा लागला की बसतं खाली." ते ऐकलं आणि अंगणातल्या तुळशीजवळचा दगड उचलला. करडी पट्टी, तांबडी पट्टी, मग गारेसारखी पांढुरकी, पुन्हा करडी. बोटाच्या एका पेरात मी अकरा मोजल्या! करड्या पट्टीला चुंबक लावला, टक्कन चिकटला.

हा दगड म्हणजे त्या बादलीचाच साका आहे हो! फक्त बादली समुद्राएवढी आणि साका 250 कोटी वर्षांहून जुना.

तेव्हाच्या समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, म्हणून लोखंड पाण्यात विरघळून राहायचं. ते यायचं मुख्यतः सागरतळाच्या उष्ण झऱ्यांतून. हे कळतं कशावरून? या दगडांत युरोपियम नावाचं मूलद्रव्य प्रमाणापेक्षा जास्त सापडतं, आणि तशीच खूण आजच्या उष्ण झऱ्यांच्या पाण्यातही असते. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. पांढऱ्या पट्ट्या सिलिकाच्या. आज डायटमसारखे सूक्ष्मजीव कवचासाठी सिलिका ओढून घेतात. तेव्हा घेणारं कुणी नव्हतं, सारा समुद्र त्याने भरलेला. गंधकाचं विरघळलेलं सल्फाइडही फार नसणार, नाहीतर लोखंड त्याच्याशीच जुळून गेलं असतं.

आणि वारा कुणी घातला? प्रकाशावर जगणाऱ्या नीलहरित जीवाणूंनी सोडलेल्या ऑक्सिजनने, असं बरीच वर्षं मानत आले. पण 1993 साली असे जीवाणू जगासमोर आले, जे उजेडात थेट लोखंडावरच जगतात आणि ऑक्सिजनशिवाय त्याचा गंज करतात! मला तर हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. ग्रीनलंडमधल्या इसुआचे असेच दगड सुमारे 370 कोटी वर्षांचे आहेत, हवेत ऑक्सिजन साचायच्या कितीतरी आधीचे. तिथे या जीवाणूंचा हात असेल, हे मला पटतं.

ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सलीत यातली एकेक पट्टी शंभराहून जास्त किलोमीटर ओळखता येते. म्हणजे तेवढ्या सगळ्या तळावर एकाच वेळी तोच साका बसत होता.

दगड घेऊन घरी आले आहे. आत्ताच मावशीला फोन केला: ती बादली घासू नकोस, शनिवारी मुलांना घेऊन येते.