एकूण मुलं किती?

बनारसमध्ये दुर्गाकुंडाजवळ एकच चष्मेवाला मुलगा मला तीन फ्लेक्सवर दिसला. एका शाळेचा 'आमचा विद्यार्थी', एका कोचिंगचा 'क्लासरूम प्रोग्रॅम' आणि पुढच्या चौकात दुसऱ्याच कोचिंगची 'टेस्ट सिरीज'. बिचाऱ्याने तिथे नुसते सराव पेपर सोडवले असतील!

आमच्या लेकीसाठी अकरावीची शाळा बघणं चाललं होतं. आमचं घर ब्रह्माघाटावरचं. सासऱ्यांचं एकच पालुपद, 'सेंट्रल हिंदू स्कूल'. अ‍ॅनी बेझंट बाईंनी 1898 मध्ये काढलेली, आता बनारस हिंदू विद्यापीठाकडे (बीएचयू) असलेली. लेकीला मात्र मोठी खाजगी शाळा हवी होती.

तशाच एका शाळेत गेलो. गुळगुळीत पुस्तिका समोर आली : आयआयटीत इतके, मेडिकलला इतके. मी विचारलं, बारावी सायन्सला एकूण मुलं किती होती? काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मैडम, टॉपर देखिए न." पुन्हा विचारलं, तर पाणी मागवलं. मग मी म्हटलं, यातली रोज शाळेत येणारी किती, नि नुसती नावाला दाखल होऊन दिवसभर कोचिंगला बसणारी किती? त्यावर ते नुसते हसले. ते हसू अजून डोक्यात जातं. बरं, अकरावी सायन्सला ते स्वतःच्याच दहावीतली कमी मार्कांची मुलं ठेवत नाहीत. आधी चाळणी लावायची, मग वर उरलेल्यांचं श्रेय घ्यायचं! यात शाळेने शिकवलं काय आणि मुलांनी घरून आणलं काय, हे कोणी वेगळं करून दाखवावं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगवाल्यांना बजावलंय : फोटो छापायचा तर मुलाने कुठला कोर्स किती दिवस केला तेही छापा, आणि निवड झाल्यावर त्याची लेखी संमती घ्या. शाळांनाही हे कोणीतरी सांगायला हवं. तोवर पालकांनी दोनच गोष्टी विचाराव्यात : दहावीतली किती मुलं अकरावीत ठेवली, आणि फिजिक्सचे सर किती वर्षं टिकले. आणि टक्क्यांचं म्हणाल, तर बीएचयूची पदवीची दारंसुद्धा 2022 पासून सीयूईटी या प्रवेश परीक्षेने उघडतात. बारावीच्या टक्क्यांचे फ्लेक्स लावून काय मिळतं कोण जाणे.

याच गावात राजघाटला जे. कृष्णमूर्तींची शाळा आहे. मुलांची एकमेकांशी तुलना करणं म्हणजे हिंसाच, असं म्हणणारा माणूस तो. मी घरी तसं बोलले, तर हे म्हणाले, "तुला तुलना नको, आणि पुस्तिका तर तूच मांडून बसलीयेस."

शेवटी फॉर्म त्या गुळगुळीत पुस्तिकेवाल्याच शाळेचा भरला. बस मैदागिनपर्यंत येते आणि लेकीच्या मैत्रिणी तिथेच आहेत. परवा पुण्याहून वन्संचा फोन आला, शाळा कशी आहे म्हणून. मी सांगितलं, "वन्सं, आयआयटीचे निकाल फार चांगले आहेत हो तिथले."