पांढरीतली हाडं

आमच्याकडे माती दोन जातींची. काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीवर गाव बसवायचं. पांढरी पांढरी का, तर शेकडो वर्षं तिथं भिंती पडल्या, राख सांडली, शेण सारवलं गेलं, माणसं मेली. थरावर थर चढले. शेतकरी ही माती खणून गाडीनं शेतात नेऊन टाकतात. खत म्हणून. आणि महारवाडा? तो काळीतही नाही न् पांढरीतही नाही. ओढ्याच्या अंगाला, मुरमाड जागेवर, जिथं नांगर लागत नाही तिथं. म्हणजे उत्खनन करणारे पांढरी खणतात तेव्हा ते गाव खणतात. आम्ही त्यांच्या खड्ड्याच्याही बाहेरच राहतो.

हे कडवटपणानं लिहीत नाही. म्हणजे थोडं लिहितोच. पण सांगायचं आहे ते वेगळंच.

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथली पांढरी डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तिथं माणसं नांदत होती. रामायण-महाभारत सांगणाऱ्यांनी जिथं नुसता दंडकारण्याचा अंधार रंगवला, तिथं ही माणसं जव पिकवत होती, नदीचं पाणी पाटानं आणत होती. त्यांची मडकी लाल, वर काळ्या रेघा. खापरी वाजवली तर भांड्यासारखी खणखणते. आमच्या भागात असल्या खापऱ्या नदीकाठी पुष्कळ. आम्ही पोरं त्यांनीच लगोरी खेळलो. तीन हजार वर्षांची लगोरी! शाळेत इतिहासाचं पुस्तक शिवाजीपासून सुरू व्हायचं आणि इतिहास आमच्या चड्डीच्या खिशात.

पण खापरीपेक्षा मला हाडांचं वेड लागलं.

इनामगावची माणसं आपली मेलेली माणसं घरातच पुरत. लेकरू गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत लेकरू, आणि जमिनीखाली खड्डा. वर परत सारवण. त्याच जागेवर आई भाकरी थापत असणार. मोठं माणूस गेलं की त्याला आडवं पुरायचं, पण घोट्याखाली पाय तोडून. भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून, असं जाणकार म्हणतात. असेल. मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली. एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला. त्यात चाळिशीतला एक पुरुष बसवलेला. त्याचे पाय शाबूत. त्याच्या घराशेजारी धान्याचं कोठार. हा गावचा म्होरक्या असणार असं खोदणाऱ्यांनी ठरवलं, आणि ते पटतं. गावाच्या मधोमध सधन शेतकऱ्यांची घरं, आणि कुंभार, सोनार असे कारागीर पश्चिमेच्या कडेला.

इथं मला मोह होतो. म्हणावं, बघा, तेव्हापासूनच आहे! कोठारवाल्याचे पाय राहतात, बाकीच्यांचे तुटतात. पण मित्रा, थांब. पाय तुटले ते गरिबाचेच नाहीत, जवळजवळ सगळ्यांचे तुटले. कडेला राहणारा कुंभार वस्तीच्या आतच होता. लहान-मोठं होतं, पोटभर-अर्धपोटी होतं. पण शिवाशिवीची खूण त्या हाडावर नाही. ती हाडावर उमटतच नाही. हाडावर कष्ट उमटतात, आजार उमटतो, भूक उमटते. जात उमटत नाही. ती उमटते पोथीत.

आणि चुलीशेजारची जनावरांची हाडं? गाईबैलांची, तोडल्याच्या खुणा असलेली, काही भाजलेली. म्हणजे या पांढरीचे मूळ पुरुष सगळे आमच्याच पंगतीला बसलेले. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' मध्ये मांडलं की एके काळी सगळेच गोमांस खात, पुढं ते कुणी सोडलं आणि कुणाला मेलेल्या ढोराचं खावं लागलं यातून अस्पृश्यतेची रेघ पडली. ते त्यांनी ग्रंथ वाचून मांडलं. इनामगावच्या मातीत कुदळ पडायला तेव्हा अजून वीस वर्षं होती.

हाडांच्या नावानं आम्हाला एकदा वर्गात उभंही केलेलं आहे. कॉलेजात मानववंशशास्त्राचा धडा चालला होता, साल १९८७. विषय रिस्ले. हा हर्बर्ट रिस्ले १९०१ च्या शिरगणतीचा मुख्य अधिकारी. त्यानं हिंदुस्थानातल्या माणसांची नाकं मोजली आणि सांगितलं की नाक जेवढं रुंद तेवढी जात खाली. शिकवणारे गृहस्थ हे सांगता सांगता माझ्याकडं बघून हसले. वर्गही हसला. त्या रात्री हॉस्टेलवर आम्ही सुतळी घेतली आणि सगळ्या खोल्यांतली नाकं मोजली. रुंदी भागिले उंची गुणिले शंभर. माझ्या शेजारच्या देशस्थ दोस्ताचं नाक माझ्यापेक्षा चांगलं रुंद निघालं. तो बिचारा आठवडाभर आरशात बघत होता.

नंतर कळलं की आमच्या सुतळीचं काम बाबासाहेबांनी आधीच करून ठेवलंय. घुर्ये यांनी दिलेले नाकांच्या मोजमापांचे आकडे घेऊन त्यांनी दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. ज्या फूटपट्टीनं मारलं तीच त्यांनी हातात घेतली. आणि त्याच्याही कितीतरी आधी, ९ मे १९१६ ला, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावानं निबंध वाचला होता. रंग नाही, रक्त नाही, धंदा नाही, जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे त्यात सांगितलं होतं.

२०१३ साली हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी देशातल्या सत्तरावर समाजांचं रक्त तपासून काय छापलं? तर साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथं सगळ्यांची सरमिसळ झाली. डोंगरात एकटे राहणारेही त्यातून सुटले नाहीत. आणि मग ही सरमिसळ थांबली. लग्नाची दारं बंद झाली. इनामगाव नांदत होतं तो काळ या सरमिसळीच्या ऐन मधला. म्हणजे रांजणातल्या त्या म्होरक्याच्या गावात आपल्या सगळ्यांचे आजे-पणजे एकमेकांच्या पोरी करत असतील. शुद्ध रक्ताचा दाखला मागणाऱ्यांनी हा कागद घरात चौकटीत लावावा.

माझी आजी शिकलेली नव्हती. शिवेचं भांडण लागलं की दोन्ही गावं महाराला बोलवायची, हे ती सांगायची. शीव कुठून जाते ते महार दाखवणार आणि त्याचा शब्द खरा धरणार. "आपुन ह्या मातीचं साक्षीदार हाय लेकरा," ती म्हणायची, "पर साक्ष झाली की पुन्हा वाड्याबाहेर उभं ऱ्हायाचं." गावाला आमची जीभ चालायची, सावली चालायची नाही.

आता भुकेचं सांगतो. इनामगावच्या शेवटच्या काळात, इसवी सनापूर्वी हजारच्या पुढं, पाऊसपाणी हटलं असं खोदणाऱ्यांचं मत. ऐसपैस चौकोनी घरं गेली, गोल झोपड्या आल्या. त्या झोपड्यांचं उरलं काय, तर खांबांचे खळगे. मातीतले काळपट गोल डाग. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन बाईंनी तिथल्या लेकरांची हाडं पुन्हा तपासली आणि २०११ साली पुस्तक लिहिलं. त्या शेवटच्या काळातल्या लेकरांची वाढ खुंटलेली होती. भूक हाडात राहते. दातातही राहते. लहानपणी उपासमार झाली, मोठं दुखणं झालं, की दाताच्या वरच्या थरावर आडवी रेघ पडते आणि जन्मभर जात नाही.

माझ्या पुढच्या दातांवर तशी रेघ आहे. दाताच्या डॉक्टरनं विचारलं, चार वर्षांचे असताना काही झालं होतं का? मी म्हटलं, १९७२. आई खडी फोडायला जायची, आम्ही सुकडी आणि लाल मिलो खायचो. डॉक्टर तरुण होता. त्याला मिलो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. इनामगावच्या लेकराला मात्र मी ओळखतो.

म्हणून सांगतो, आमचा जुना महारवाडा आता रिकामा पडलाय. आम्ही रस्त्याकडेला नव्या वस्तीत आलो. तिकडं अर्धं जातं आहे, चुलीचे तीन दगड आहेत, पावसानंतर राखेचा पट्टा दिसतो. झोपडीचे खळगे ओळखता येतात तर आमचेही ओळखता येतील. पुढच्या उन्हाळ्यात तिथून रस्ता काढणार म्हणतात, जेसीबी येणार. त्याच्या आधी कुणी ब्रश आणि कुदळ घेऊन येणार असेल तर पत्ता देतो. ओढ्याच्या पल्याड, मोडक्या पिंपरणीखाली. चावडीवरून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. ते अंतर तसंच मोजून ठेवलेलं होतं.