रिझर्व्ह

परवा चाकणच्या चौकात वाहनांच्या रांगेत अडकलो असताना माझ्या मोटारीतला पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. शेजारी आबा होते. त्यांनी विचारले, "आणि हा लागलाच नाही, तर?"

मी हसलो खरा. पण आबांच्या या प्रश्नामागे एक रात्र आहे.

त्यांची स्कूटर आकुर्डीच्या कारखान्यातली. तिला ना काटा, ना दिवा. टाकीतल्या कॉकला दोन वाटा. एकीचे तोंड तळापासून थोडे उंच, दुसरीचे तळाशी. पेट्रोल उंच तोंडाखाली गेले की गाडी खोकू लागे. मग कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवायचा आणि पंप गाठायचा. बिघडण्यासारखे त्यात काहीच नव्हते, माणसाखेरीज!

1985 च्या पावसाळ्यात मला तापात झटके आले. आबा मला नि आईला घेऊन रात्री पिंपरीच्या दवाखान्याकडे निघाले. इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशी येते न येते तोच गाडी खोकली. आबांनी खाली हात घातला, तो कॉक आधीच रिझर्व्हवर! मागल्या खेपेस पेट्रोल भरल्यावर तो परत फिरवायचा राहिला होता. अख्खी टाकी आम्ही सूचनेवाचून जाळली होती. गाडी आडवी करून पाहिली, व्यर्थ. अखेर कांद्याच्या एका ट्रकवाल्याने आम्हांला पोत्यांवर घेतले. आई वाटभर एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून दर खंडेनवमीला, पूजेच्या आधी, आबा स्कूटरची परीक्षा घेत. गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, मग कॉक रिझर्व्हवर करून उरलेले पेट्रोल दुधाच्या मापाने मोजायचे. ते माप आईला पुन्हा कधी दुधाला घेता आले नाही.

विमानांनाही रिझर्व्ह असते. जेट विमान उतरेल तेव्हा निदान अर्ध्या तासाचे इंधन शिल्लक असावे, असा नियम आहे. परंतु 6 ऑगस्ट 2005 रोजी इटलीतल्या बारीहून निघालेल्या एका एटीआर-72 विमानात आदल्या दिवशी काटा बसवला होता तो धाकट्या एटीआर-42 चा. टाक्या रिकाम्या होत आल्या तरी तो भरपूर इंधन दाखवीत राहिला. आणि धोक्याचा इशारा त्याच काट्याच्या भरवशावर असल्यामुळे तोही गप्प. दोन्ही इंजिने थांबली. विमान सिसिलीजवळ समुद्रात उतरवावे लागले. 39 जणांपैकी 16 गेले. इशारा काट्यापासून स्वतंत्र असावा, अशी शिफारस मग इटलीच्या तपासनीसांनी केली.

हे मी आबांना वाचून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साक्षीला आरोपीचाच भाऊ उभा केला की रे!"

गेल्या खंडेनवमीला मी दिवा लागेपर्यंत मोटार चालवली, पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि किती लिटर मावले ते कागदावर लिहून आणले. आबांनी चष्मा लावून तो आकडा टाकीच्या मापातून वजा केला, उत्तर दोनदा तपासले आणि मग मोटारीला हार घातला.