1943 चा ड्रमसेट, पेण-रोह्याच्या हवेत

महायुद्धाच्या काळातला ड्रमसेट जुळवायला बसलं की चर्चा आधी बिल्ल्यावर जाते: कंपनी कुठली, रंग मूळचा का, सगळे नग एकाच संचातले का. पेण आणि रोहा या पट्ट्यात असा संच उभा करताना माझं मत मात्र वेगळं बनत गेलं. त्या काळाशी इमान राखायचं तर त्या काळची टंचाई आणि कातड्याची पानं आधी जपली पाहिजेत; बिल्ल्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. 1942 मध्ये अमेरिकेच्या वॉर प्रॉडक्शन बोर्डाने वाद्यांतल्या धातूवर बंधन घातलं. पोलाद, पितळ असा लढाईच्या कामाचा धातू वाद्याच्या एकूण वजनाच्या 10 टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही, असा तो हुकूम. ड्रमचं खोड लाकडी असलं तरी कडी धातूची, ताणाचे स्क्रू धातूचे, ते स्क्रू ज्यात बसतात ती घरंही धातूचीच. मग स्लिंगरलँड या ड्रम कंपनीने ‘रोलिंग बॉम्बर’ संचात ही घरं शिसवी लाकडाची केली. डब्ल्यूएफएलच्या ‘व्हिक्टोरियस’मध्ये आणि लीडीच्या ‘ड्रेडनॉट’मध्येही लाकडाने धातूची जागा घेतली. स्क्रूचे आटे तेवढे लाकडात टिकत नाहीत, म्हणून वाट्याला आलेला धातू तिथे खर्ची पडला. हे कळल्यावर लाकडी कड्याला स्वस्तातली तडजोड म्हणणं मला जमत नाही. त्या चार वर्षांची खरी खूण तीच आहे. अशा कड्यासाठी कोकणातल्या सुताराला शिसव काय आहे ते समजावावं लागत नाही, ही आपली जमेची बाजू.

यावर आक्षेप येतो, की हे अमेरिकेचं झालं. मुंबईला आणि मुंबईखालच्या कोकणाला त्याचं काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातूनच माझा मुद्दा पुढे सरकतो. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. चिक चॉकलेट, मिकी कोरिया, फ्रँक फर्नांड या गोव्याच्या वादकांनी पुढच्या दशकात मुंबईचं जॅझ आणि सिनेमाचं संगीत दोन्ही पेललं. विलायती वाद्यांचा बाजार धोबी तलावाला होता. फुर्टाडोजचा व्यवसाय तर 1865 पासूनचा. पण विलायतेतच माल कुठे होता? प्रीमियर कंपनीचा लंडनचा कारखाना 1940 च्या बॉम्बहल्ल्यांत गेला, कंपनी लेस्टरला हलली आणि तिथे युद्धसामग्रीचं काम सुरू झालं. समुद्रावर पाणबुड्या, बोटींत जागा फौजेला. अशा वेळी मुंबईचा ड्रमर जे हाताशी आहे तेच दुरुस्त करून, एकाचं कडं दुसऱ्याला लावून वाजवत असणार, हा माझा निष्कर्ष. म्हणून आपल्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा, कोरा करकरीत अमेरिकन संच हाच मला काळाशी विसंगत वाटतो. पेण-रोह्याला तर तेव्हा रेल्वेही नव्हती. रोह्याला ती 1986 मध्ये पोचली. मुंबईचा माल धरमतरच्या खाडीतून यायचा. इथलं वाद्य इथेच सांधलं जायचं, हे त्या भूगोलातच आहे.

मापांत मात्र ढिलाई नको. त्या वेळचा बास ड्रम आजच्या 20 किंवा 22 इंचांचा नव्हे. 26 इंच व्यास आणि 14 इंच खोली हे तेव्हाचं चालतं माप. जीन क्रुपा या ड्रमरच्या संचामुळे रूढ झालेले टॉमही ठरलेले: लहान 13 इंच व्यासाचा, जमिनीवरचा 16 इंचांचा. पण खरी कसोटी पानाची आहे, आणि सगळ्यात मोठा वादही तिथेच. वाजवणारे म्हणतात, प्लास्टिकचं पान लावा, ताण एकदा बसला की हलत नाही. खरं आहे. पण पॉलिएस्टरची पानं बाजारात आली 1957 च्या सुमारास, रेमो बेली आणि चिक इव्हान्स यांच्या हातून. त्याआधी सगळीकडे वासराचं कातडं. कातडं दमट हवेत ओल पितं, सैल पडतं, सूर उतरतो. कोरड्या हवेत आखडतं आणि स्क्रू वेळेवर सैल केले नाहीत तर फाटतं. रायगड जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे जुलैत कातडी पान आणि प्लास्टिकचं पान ही दोन वेगळी वाद्यं असतात. मला हा कातड्याचा दोष वाटत नाही. त्या काळचा ड्रमर हवा पाहून वाजवायचा, थाप कुठे द्यायची, किती जोरात द्यायची हे त्यावर ठरवायचा. प्लास्टिक लावलं की ती सगळी विद्या संचातून निघून जाते. आणि ही विद्या परकी नाही. अमेरिकेत बास ड्रमच्या पोटात विजेचा दिवा लावून पान कोरडं ठेवत. आपल्याकडे हलगी आणि डफ आगीवर शेकून मगच हातात घेतात. खालूबाजातला ढोल ज्याने पावसाळी हवेत ऐकला आहे, त्याला उतरलेलं पान आणि चढलेलं पान यांतला फरक सांगावा लागत नाही. प्लास्टिक सोयीचं आहे म्हणून रोजच्या कार्यक्रमाला ते खुशाल लावावं. पण त्या संचाला 1943 चा म्हणू नये.

कातड्याचाच दुसरा प्रश्न कायद्याचा. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा वासराच्या कातड्याचा हट्ट इथे धरता येत नाही. त्याच्या जागी मी बोकडाचं कातडं लावतो; ते पातळ, आवाज थोडा उघडा. काटेकोर संग्राहक इथे म्हणेल, ‘मग तुमचा संच अस्सल कसा?’ तो पुरता अस्सल नाही, हे मी मान्य करतो. तरी भिजवून, लाकडी कड्याभोवती दुमडून, ड्रमवरच वाळवलेलं पान हवेला तसाच प्रतिसाद देतं, आणि जे मला जपायचं आहे ते एवढंच. उलट झांजेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. ड्रमसेटच्या सिंबलमध्ये तांबं साधारण 80 टक्के आणि कथील 20 टक्के. आपलं कांसंही त्याच घराण्यातलं. म्हणून भजनातली झांज टांगा, असा सल्ला मिळतो. पण धातू सारखा असला तरी ती जाड आणि लहान असते. जोडीने आपटण्यासाठी घडवलेली, काठीसाठी नव्हे. सिंबल जाडीने पातळ, ठोकून पसरवलेला हवा. तिथे जुना नग मिळेपर्यंत थांबणं बरं. राहता राहिला बिल्ला. नकली बिल्ले आता सहज करून मिळतात, आणि संच विकताना किंमत त्यांनीच वाढते. नव्या खोडावर जुन्या कंपनीचा बिल्ला ठोकणं ही सरळ फसवणूक आहे. माझ्या संचात नव्या प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला गाव आणि साल कोरलेलं असतं, म्हणजे उद्या कोणी पान उतरवलं तर जुनं किती आणि पेणचं किती हे त्याला दिसेल.