निरोप पोचवणाऱ्या माणसास

लेस्टर,
११ नोव्हेंबर, रात्री

तीर्थस्वरूप नानाकाका,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आठवणी कसल्या लिहायच्या? आधी पलटणीत, मग विद्यापीठात, मी जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचलंय, म्हणून लिहायला बसले.

आज सकाळी अकराला युद्धस्मृतिदिनासाठी व्हिक्टोरिया पार्कात गेले होते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या इथल्या सैनिकांची कमान तिथे आहे. एडविन लटयन्सनं बांधलेली, १९२५ ची. तुम्ही दिल्लीत ज्या इंडिया गेटसमोर उभे राहून फोटो काढला होता, ते त्याचंच. कमानीखाली उभं राहिलं की ओळख पटते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, काठी टेकत आलेले. ओव्हरकोटावर डाव्या बाजूला दोन पदकं आणि उजव्या बाजूला तीन. इथे स्वतःची पदकं डावीकडे लावतात आणि घरातल्या गेलेल्या माणसाची उजवीकडे. बिगुल वाजल्यावर त्यांनी हातमोजा काढला आणि उजवीकडच्या पदकांवर उघडा हात ठेवला. दोन मिनिटं तो हात थंडीनं लाल होत गेला, पण हलला नाही.

उद्यानाला लागूनच लेस्टर विद्यापीठ आहे, आणि ते स्वतःच युद्धस्मारक आहे, हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. १९१७ मध्ये, युद्ध चालू असतानाच, इथल्या एका वर्तमानपत्रानं अग्रलेख लिहिला की गेलेल्यांसाठी नुसते दगड उभारण्यापेक्षा काही उपयोगाचं करा. फील्डिंग जॉन्सन नावाच्या कापड कारखानदारानं जागा आणि इमारत दिली. मूळची ती वेड्यांच्या इस्पितळाची, युद्धात लष्करी इस्पितळ झालेली. १९२१ मध्ये तिथे कॉलेज सुरू झालं. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, अर्थ असा की 'त्यांना जीवन लाभावं म्हणून'. अग्रलेख लिहिणाऱ्याचं नाव इथे कुणाच्या तोंडी ऐकलं नाही. पण काका, निरोप पोचला.

निरोप चुकीचा दिला तर काय होतं, तेही याच गावानं पाहिलंय. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. तुम्ही ७१ च्या लढाईवरून येऊन वर्षही झालं नव्हतं. त्या सप्टेंबरात लेस्टरच्या नगरपालिकेनं 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. घरं नाहीत, शाळांत जागा नाही, तुमच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. ज्यांनी लेस्टरचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनाही त्या जाहिरातीनं ते कळलं. हजारो लोक आले. आज बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला पाय ठेवायला जागा नसते. मी गवार आणि कोथिंबीर तिथूनच आणते. ती जाहिरात वाईट होती असंच माझं मत आहे. कचेरीतल्या कुणीतरी आपली भीती हिताच्या भाषेत लिहून पाठवली. तुम्ही असता तर तो कागद तसाच परत केला असता.

आणि मग राजा तिसरा रिचर्ड. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला हा राजा २०१२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका कार पार्कखाली सापडला, हे तुम्ही वाचलंच असेल. खणायला लावलं ते फिलिपा लँगली या बाईंच्या हट्टानं. ते श्रेय त्यांचंच, आणि पुढे त्यावरून वाद झाला, सिनेमाही निघाला. पण मला सांगायचंय ते पत्रकार परिषदांबद्दल. १२ सप्टेंबरला साऱ्या जगाचे कॅमेरे समोर असताना विद्यापीठानं सांगितलं ते एवढंच की सांगाडा पुरुषाचा आहे, पाठीचा कणा वाकडा आहे, कवटीवर घाव आहेत. हा राजाच, असं आज आम्ही म्हणत नाही. मग पाच महिने गप्प. राजाच्या बहिणीच्या वंशातल्या माणसाशी डीएनए जुळल्यावर, ४ फेब्रुवारी २०१३ ला, ठामपणे नाव घेतलं. एवढं जपूनही एक चूक गेलीच होती. मणक्यांजवळ बाणाचं टोक सापडलं असं सांगितलं होतं, तो नंतर जुना रोमन खिळा निघाला.

त्या पत्रकार परिषदांबद्दल वाचताना मला तुमची लाल पेन्सिल आठवत होती. विद्यापीठाच्या प्रेस नोटच्या मसुद्यात 'बहुधा' आलं की तुम्ही त्याभोवती गोल काढायचात आणि समासात लिहायचात, 'कुणाला विचारलं?' मी दहावीत होते, तेव्हाची ती गोष्टही आठवली. गुणपत्रिकांत घोळ झाला होता, मुलं गेटवर बसली होती, आणि वरून सांगितलं होतं की 'सर्व सुरळीत' अशी नोट काढा. तुम्ही ती काढली नाहीत. रात्री घरी येऊन न जेवता टाइप केलंत : चूक झाली आहे, अमुक विषयांत झाली आहे, अमुक दिवशी दुरुस्त होईल. दुसऱ्या दिवशी मुलं उठली. तुम्हाला मात्र वर्षभर त्रास झाला, आणि त्याबद्दल घरात तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. काकूंनी सांगितलं म्हणून मला कळलं.

लष्कराच्या सिग्नल्समध्ये जबलपूरला शिकलात ते हेच ना? आलेला संदेश जसा आहे तसा पुढे द्यायचा, ऐकू आला नाही तर पुन्हा मागायचा, मनानं भरायचा नाही. पंधरा वर्षं वायरलेसवर आणि पंचवीस वर्षं विद्यापीठातल्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत तुम्ही एकच काम केलंत. मला ते लहान वाटत नाही.

तेव्हा लिहा, काका. डिसेंबर ७१ मधल्या त्या बंकरातल्या रात्रींपासून सुरू करा, मग गेटवर बसलेल्या मुलांचं लिहा. तारीख आठवली नाही तर जागा कोरी सोडा, मी शोधून काढीन. पहिली दहा पानं झाली की पाठवा, वाट बघते.

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी